संगणकाची पहिली किल्ली मालकाच्याच हाती हवी

विंडोज १० या संगणक प्रणालीचे नियमित सहाय्य मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केले. त्यामुळे पेढीवर किंवा कारखान्यात जुना संगणक असलेल्या व्यापारी बांधवांपुढे विंडोज ११ बसवून घेण्याचा किंवा नवे यंत्र विकत घेण्याचा प्रश्न आला आहे. हे काम आपण कॉम्प्युटरवाल्यावर सोपवतो. तो प्रणाली टाकतो, हिशेबाचा प्रोग्राम चालू करून देतो आणि मजुरी घेऊन जातो. पण तेवढ्या वेळात एक मोठी गोष्ट ठरून जाते. या संगणकाचा मालक कोण, ही ती गोष्ट.

प्रणाली बसवताना ती पहिले खाते उघडायला सांगते. खाते म्हणजे संगणकात शिरण्याचे नाव आणि पासवर्ड. हे पहिले खाते आपोआप 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे कारभाऱ्याचे होते. कारभाऱ्याला सर्व मुभा असते. तो नवा प्रोग्राम टाकू शकतो, दुसऱ्याचे खाते बंद करू शकतो, दुसऱ्याच्या फायलीही उघडू शकतो. दुसरा प्रकार 'स्टँडर्ड युजर' म्हणजे साध्या वापरकर्त्याचा. तो बिले करील, पत्रे लिहील, इंटरनेट पाहील; पण प्रणालीत मोठा बदल करायचा तर त्याला कारभाऱ्याचा पासवर्ड मागितला जातो.

पूर्वी हा भेद नावापुरताच होता. विंडोज ९५ मध्ये पासवर्डाची चौकट आली की एस्केपचे बटण दाबून कोणीही आत शिरत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये बसवतेवेळी केलेली खाती कारभाऱ्याचीच होत. २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून मोठ्या बदलापूर्वी परवानगी विचारण्याची पद्धत सुरू झाली, ती आजही आहे. मात्र कारभाऱ्याच्या खात्यात ही विचारणा फक्त 'होय' किंवा 'नाही' एवढीच असते. घाईत 'होय' दाबले जाते आणि खराब प्रोग्राम आत शिरतो. म्हणून रोजचे काम साध्या खात्यातूनच करावे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.

आता खरी धोक्याची जागा. विंडोज ११ ची होम आवृत्ती बसवताना मायक्रोसॉफ्टचे ऑनलाइन खाते मागते. मालक जवळ नसला तर कॉम्प्युटरवाला आपलाच ईमेल घालून मोकळा होतो. त्याची नियत साफ असली तरी परिणाम वाईट होऊ शकतो. पुष्कळ नव्या यंत्रांत अशा खात्याने प्रवेश केला की डिस्कवरील मजकूर आपोआप कुलूपबंद होतो, आणि त्या कुलुपाची ४८ अंकी किल्ली त्याच ऑनलाइन खात्यात जमा होते. पुढे मदरबोर्ड बदलला तर संगणक ती किल्ली मागू शकतो. तो माणूस दुसऱ्या गावी गेला असेल तर गिऱ्हाइकांची उधारी, जीएसटीची बिले, कापडाची डिझाइने, सगळे कुलपाआड राहते.

म्हणून व्यापारी बांधवांनी पुढील काळजी घ्यावी.

१. प्रणाली बसवताना स्वतः हजर राहावे. पहिले खाते आपल्या नावाने, आपल्या ईमेलवर उघडावे आणि पासवर्ड आपल्या हाताने घालावा.

२. मग सेटिंग्जमधील अकाउंट्स या भागात जाऊन मुनीम, बिले करणारा मुलगा आणि स्वतः आपण, प्रत्येकासाठी वेगळे साधे खाते करावे. एकच पासवर्ड सर्वांत फिरू देऊ नये. नोकर काम सोडून गेला की त्याचे खाते काढावे. पण आधी त्याच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

३. ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून दुकानाच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावी. संगणकाजवळ ठेवू नये.

४. संगणक पूर्वीच बसवलेला असेल तर त्याच अकाउंट्स भागात कारभारी म्हणून कोणाचे नाव आहे ते आजच पाहावे. परक्याचे असल्यास आधी आपले खाते कारभाऱ्याचे करावे, ४८ अंकी किल्ली आपल्या ताब्यात घ्यावी, मगच परक्याचे खाते काढावे.

साध्या खात्याने सगळेच संकट टळते असे नाही. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम त्या खात्यातील फायलींचे नुकसान करूच शकतो. त्यासाठी हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी.

एक गोष्ट शेवटी. मालक आजारी पडला किंवा प्रवासात असला तर पेढी थांबता कामा नये. पासवर्डाचा कागद कुठे आहे, हे मुलाला, भावाला किंवा बेगमला सांगून ठेवावे. तिजोरीबाबत आपण हे करतोच, संगणकाबाबतही करावे.