दहावी आली, की खेळ बंद?

पोरगी नववीतून दहावीत गेली, की घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, 'बास झालं आता खेळणं, अभ्यासाला लाग!' चित्रकलेचे रंग माळ्यावर जातात, गॅदरिंगच्या नाचातून नाव कमी होतं आणि खो-खोच्या संघातली जागा दुसरीला मिळते.

आपल्या भूमकडे तर पोरींना आधीच उसंत नाही. दुधाचा, खव्याचा तालुका हा. सकाळी गोठ्याला हात लावायचा, धुणीभांडी उरकायची, मग शाळा, वर क्लास. त्यात खेळ म्हणजे आईला चैनच वाटते. शिवाय मैदानावरून यायला अंधार पडतो, लोक काय म्हणतील, उन्हानं रंग काळवंडेल, उद्या लग्नाचं बघायचंय... आईची काळजी काही खोटी नसते. पण मैत्रिणींनो, या काळजीपोटी आपण पोरीच्या हातातून नेमकं काय काढून घेतोय, हेही बघायला हवं.

लांब कशाला जायचं? आपल्याच जिल्ह्यातली सारिका काळे. धाराशिवला तेव्हा उस्मानाबाद म्हणत. वयाच्या तेराव्या वर्षी ही मुलगी खो-खो खेळायला लागली. वडील अपंग, आई शिवणकाम करणारी, घर चालायचं ते आजी-आजोबांच्या आधारावर. जवळजवळ दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, हे तिनं स्वतः सांगितलंय. चांगलंचुंगलं ताटात पडायचं ते शिबिराला किंवा स्पर्धेला गेल्यावर. २०१६ साली तर पैशाच्या ओढाताणीला कंटाळून तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली आणि ती मैदानावर परतली. त्याच वर्षी गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी खो-खोचं सुवर्णपदक जिंकलं, त्यात सारिका होती. पुढे ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

तिच्यामागून पोरी थांबल्या नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे आणि संघात धाराशिवची अश्विनी शिंदेही होती.

आता कुणी म्हणेल, सगळ्याच काय सारिका होणार आहेत? नाही होणार. व्हायची गरजही नाही. खो-खोला लागतं काय? दोन खांब, सपाट जागा आणि पळायची हौस. ना महागडी बॅट, ना रॅकेट. पण शिकवतो किती! आठ जणी एकीआड एक उलट तोंडं करून बसलेल्या, 'खो' मिळाला की क्षणात उठायचं, आणि नाही मिळाला तर गुमान वाट बघायची. आपल्या घाईनं सगळ्या संघाचा फाऊल होतो, हे एकदा कळलं की पोरगी आपोआप शहाणी होते. हरून परत यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहायचं, हे पुस्तकातल्या कुठल्या धड्यात असतं?

तेच कलेचं. गणितात मागं पडणारी, वर्गात मान खाली घालून बसणारी मुलगी लेझीम हातात घेतली की ताठ होते. शाळेत आपली एक जागा आहे, आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, असं वाटणारी मुलगी शाळा बुडवत नाही. आणि शाळेत रमलेल्या मुलीचं लग्न दहावीच्या आतच उरकायचं म्हटलं, तर चार बाई-सर तरी विचारायला घरी येतात!

व्यवहाराचंही बघू या. चित्रकलेची एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट परीक्षा दिली, तर इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. ठराविक पातळीवर खेळलेल्या मुलींनाही सवलतीचे गुण आहेत. पुढे सरकारी नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मात्र नियम बदलत असतात, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेत नीट विचारून घ्या. प्रमाणपत्रं एका फाईलमध्ये जपून ठेवा.

आईनं करायचं ते फार अवघड नाही. सराव असेल त्या दिवशी डब्यात एक भाकरी जास्तीची, सोबत शेंगदाणे-गूळ. पाळीच्या दिवसांत तिला बरं वाटत नसेल तर तिनं आराम करावा, बरं वाटत असेल तर खुशाल खेळावं. परत येताना आळीतल्या तिघी-चौघी मिळून येतील एवढं आयांनी आपसांत ठरवावं. घरातलं एक काम भावाकडे द्यावं, त्याचेही हात काही मोडत नाहीत! आणि पालकसभेत मार्कांच्या जोडीला एक प्रश्न नक्की विचारावा, 'पीटीचा आणि चित्रकलेचा तास खरंच होतो का, की तिथंही गणितच चालतं?'

संध्याकाळचा एक तास खेळून आलेली मुलगी अभ्यासाला बसते, तेव्हा डोकं ताजं असतं. दहावीचं वर्ष अवघड खरंच, म्हणूनच तो एक तास तिचा तिला राहू द्या.