शेतातले खत आणि दप्तरातले खत

कोशात 'फर्टिलाइझ' या इंग्रजी क्रियापदापुढे 'सुपीक करणे, खत घालणे' एवढे लिहिलेले असते आणि विद्यार्थी पुढे सरकतो. पण वाक्यात हा शब्द आपल्याप्रमाणे वागत नाही. इंग्रजीत शेत हेच त्याचे कर्म. मराठीत कर्म होते खत, आणि शेत चतुर्थीत जाते: 'शेताला खत घालतो.' शिवाय 'वाहणे, धारण करणे' या अर्थाच्या लॅटिन धातूतून आलेला हा शब्द फुलाला नि अंड्यालाही चालतो. तेथे आपल्याला 'फलन' हा निराळा शब्द लागतो. जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत कोणी 'अंड्याला खत घालतात' असे लिहू नये, म्हणजे झाले!

मला त्याच्याहून जुना 'मॅन्युअर' अधिक जवळचा वाटतो. त्याचा मूळ अर्थ हाताने काम करणे. सैन्याच्या हालचालींना म्हणतात तो 'मनुव्हर' त्याचाच सख्खा भाऊ. आधी 'जमीन कसणे' आणि मग 'खत देणे' असा त्याचा अर्थ सरकला. क्रियापद म्हणून तो आता क्वचितच भेटतो.

भिवंडीकडच्या भातशेतीला मात्र हे दोन्ही शब्द अपुरे पडतात. येथे 'राब भाजतात'. रोपांच्या जागेवर शेण, ऐनासारख्या झाडांच्या फांद्या, पाला, गवत असे थर रचून वर बारीक माती पसरतात आणि पावसाळ्यापूर्वी ते सावकाश जाळतात. तणाचे बी मरते, राख मातीत मिसळते. या फांद्यांवरून ठाणे-कुलाब्यात जंगलखात्याशी एवढा तंटा झाला, की १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. 'राब' ऐकताच 'राबणे' आठवते. कानाला लागणारे साम्य हा काही व्युत्पत्तीचा पुरावा नव्हे, हे मला मान्य आहे.

मराठीत 'खत' मात्र दोन आहेत. दुसरे अरबी 'खत्त' म्हणजे लिखाण, यावरून आलेले. खरेदीखत ही त्याची प्रजा. काल्हेर, राहनाळ, मानकोली या बाजूच्या कित्येक खाचरांत पहिल्या खताची जागा दुसऱ्याने घेतली आणि तेथे गोदामे उभी राहिली. आमच्या वर्गात मी 'राब' म्हणजे काय असे विचारले, तेव्हा चौघांनीच सांगितले. त्यांतल्या दोघांच्या घरी आता राब भाजत नाहीत, कारण भाजायला खाचर राहिलेले नाही.