अँडीज पर्वतांतील रानमांजर

वाघसिंहांच्या गोष्टी आपण पुष्कळ वाचल्या असतील. येथें आम्ही एका लहानशा श्वापदाचा परिचय करून देत आहों. पेरू, बोलिव्हिया, चिली व अर्जेंटिना या देशांतील अँडीज पर्वताच्या उजाड खडकांत हें रानमांजर राहतें. वजन अवघें चारपांच किलो. अंगावर राखी रंगाची दाट लोकर. शेपटी लांब, झुपकेदार व काळसर कड्यांची.

त्याचें मुख्य भक्ष्य म्हणजे व्हिस्काचा नांवाचा, सशासारखा दिसणारा, कुरतडणारा प्राणी. व्हिस्काचांच्या वसाहती खडकाळ जागीं दूर दूर विखुरलेल्या असतात. म्हणून मांजरेंही विरळच. एक ठिकाण ओस पडलें म्हणजे तें पुन्हां भरणें कठीण.

खाणी व पाण्याचा उपसा यांमुळें हीं ठिकाणें नासतात. परंतु दुसरें एक कारण अधिक विचार करण्याजोगें आहे. तेथील आयमारा लोक या मांजरास पवित्र मानतात, आणि गुरांची वृद्धि व्हावी म्हणून करावयाच्या विधींत त्याचें पेंढा भरलेलें कातडें ठेवितात. आदरच प्राणावर बेतला!

आज प्रौढ मांजरें सुमारें १,४०० उरलीं असावींत, असा अंदाज आहे. १९९९ सालीं चारी देशांतील अभ्यासकांनीं त्यांच्या रक्षणार्थ संघ स्थापिला. ज्यास पवित्र मानावें त्यास जिवंत राखावें, हा धडा केवळ अँडीजवासीयांनींच गिरवावा असें आम्हांस वाटत नाहीं.