लेकराच्या हृदयाचे ऑपरेशन : आधी पाहावे, मग सामोरे जावे



या पानावर आम्ही एरवी बेणे, खत आणि पाण्याबद्दल लिहितो. या खेपेचा विषय निराळा आहे. पण गटात फिरताना डोळ्यांनी पाहिला, म्हणून लिहितो.

दोन हंगामांपूर्वी एका सभासदाच्या मुलीच्या हृदयाला छिद्र निघाले. ऑपरेशनचा दिवस ठरला. आदल्या रात्रीनंतर खायला देऊ नका, असे सांगितले होते; का देऊ नये, हे घरात कोणाला उमगले नव्हते. पोर भुकेने रडते म्हणून आजीने पहाटे दोन बिस्किटे दिली आणि ऑपरेशन पुढे गेले. आजी महिनाभर स्वतःला बोल लावत होती. पुढे ऑपरेशन झाले, तर अतिदक्षता विभागात नळ्या लावलेले लेकरू पाहून आई दारातच खाली बसली. मुलगी आज शाळेत जाते. पण घरच्यांनी सोसले त्यातले निम्मे टळण्यासारखे होते.

गेल्या हंगामात दुसऱ्या सभासदाच्या चार वर्षांच्या मुलावर तीच वेळ आली. बाप म्हणाला, "साहेब, छाती उघडायची म्हणतात. ऊस तुटून जाऊ द्या, मग बघू." खरे तर उसाचे निमित्त होते, भीती ऑपरेशनची होती. या खेपेला दवाखान्यातील सिस्टरने आई-बापाला बसवून मराठी व्हिडिओ दाखवले आणि मोबाईलवरही दिले. बापाने ते गटऑफिसात आमच्यासमोर तीनदा पाहिले. मग म्हणाला, "काय होणार ते कळलं की माणूस उभा तरी राहतो." शेजाऱ्यांनी त्याच्या तोडणीवर लक्ष ठेवले आणि तो ठरल्या तारखेला गेला.

या व्हिडिओत काय असते? पोट रिकामे का हवे, हे पहिले. गुंगीत पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. सर्दी-ताप असला तर लपवू नये, आधी सांगावे. हृदय थांबवून छिद्र बुजवताना यंत्र रक्त फिरवते व शुद्ध करते. नंतर तोंडातली नळी श्वासासाठी असते, ती असेपर्यंत मूल बोलू शकत नाही. छातीजवळची नळी साचलेले रक्त-पाणी बाहेर काढते. हे आधी पाहिलेली आई दारात बसत नाही, मुलाचा हात धरते.

घरी आल्यावरचे तर फार उपयोगी. छातीचे हाड सांधायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर मुलाला काखेत धरून उचलू नये. एक हात मानेखाली व पाठीला, दुसरा बुडाखाली घालावा. जखमेतून पू आला, ताप चढला, धाप लागली किंवा मूल खाईना, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

बंगळुरूच्या नारायणा रुग्णालयात नूरा हेल्थ या संस्थेने नातेवाइकांना असे शिकवण्याचे काम सुरू केले. पुढे ते अनेक राज्यांत गेले. मात्र मोबाईलवर सापडेल तो व्हिडिओ पाहू नये. दवाखान्याने दिलेलाच पाहावा, आजीलाही दाखवावा आणि शंका डॉक्टरांना विचाराव्यात. मुलाला चिरफाड दाखवू नये. पण "काही करत नाहीत" अशी थापही मारू नये.

अंगावर पिताना बाळाला घाम येतो, वजन वाढत नाही, वारंवार छाती भरते, अशी लक्षणे असतील तर तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

बेणेप्रक्रिया आम्ही दहा वेळा तोंडाने सांगितली तर विसरली जाते. प्लॉटवर एकदा दाखवली की पुढच्या लागणीला शेतकरी आपणहून करतो. हेही तसेच आहे. कोणाला व्हिडिओ लावता येत नसेल तर गटऑफिसात या, आम्ही लावून देऊ. तोडणीची पाळी मागे-पुढे करता येते. लेकराची तारीख चुकवू नका.

— ऊस विकास अधिकारी