पडद्यावरची ओळ आधी वाचा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट्स थांबली आणि आमच्या गंगाखेड, पालम, सोनपेठ भागातले कितीतरी धडधाकट लॅपटॉप जुने ठरले. नवा घ्यायची ऐपत प्रत्येकाची नसते. मी गंगाखेडला कॉम्प्युटरचे क्लास घेते, जोडीला दुरुस्तीही करते. अशा मशिनांवर मी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही लिनक्सची रूपं टाकून देते. मोठ्यांचं काम लगेच सुरू होतं. लेकरांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : गेम चालतील का?

चालतात. सुपरटक्सकार्ट, वेसनॉथ, झिरो एडी हे मोफत आणि देखणे गेम लिनक्ससाठीही केलेले आहेत. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान २०१३मध्ये लिनक्सवर आलं. २०१८मध्ये स्टीममध्ये आलेल्या प्रोटॉन या सोयीमुळे विंडोजसाठी केलेले हजारो गेमही इथं चालू लागले. घोडं अडतं ते गेम बसवताना किंवा अपडेट होताना. तेव्हा लेकरं गोंधळून खिडकी बंद करतात आणि कुठल्यातरी व्हिडिओतली कमांड जशीच्या तशी टाकतात. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे : पडद्यावर आलेली ओळ आधी वाचा. दुखणं बहुतेकदा तिथंच लिहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त दिसते ती ‘कुड नॉट गेट लॉक’, म्हणजे ‘कुलूप मिळालं नाही’, ही ओळ. मशीन सुरू झाल्यावर उबुंटू पाठीमागे आपोआप अपडेट घेत असतं. नेमकं तेव्हाच लेकरू गेम बसवायला घेतं. कोणतं सॉफ्टवेअर बसवलं आहे याची नोंद एका वेळी एकाच प्रोग्रामनं लिहायची, नाहीतर ती विस्कटेल, म्हणून हे कुलूप. कुलूप कोणत्या प्रोग्रामकडे आहे, तेही बहुधा त्याच ओळीत लिहिलेलं असतं. उपाय एवढाच की त्याचं काम संपेपर्यंत थांबायचं. कुलपाची फाइल पुसून टाकायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात, तो ऐकू नका.

दुसरं दुखणं लाइटचं. जुन्या लॅपटॉपची बॅटरी गेलेली असते, तो चार्जरवरच चालतो. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली की मशीन जागच्या जागी बंद. पुन्हा सुरू करून गेम बसवायला घेतला की ओळ येते : ‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’. तिच्यातच पुढं कोणती कमांड द्यायची तेही दिलेलं असतं : ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. ती टाइप केली की अर्धवट राहिलेली पॅकेजेस मशीन एकेक करून नीट बसवतं. तरीही काही अडलंच तर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. त्यासाठी अख्खं लिनक्स पुसून नव्यानं टाकायची गरज नसते.

तिसरं, जागा. ‘नो स्पेस लेफ्ट’ अशी ओळ आली की ‘डीएफ -एच’ ही कमांड द्या. कोणत्या भागात किती जागा उरली ते दिसतं. मिंटमध्ये टाइमशिफ्ट या प्रोग्रामनं साठवलेल्या सिस्टिमच्या जुन्या प्रती गुपचूप डिस्क भरतात. नव्या एक-दोन ठेवून बाकीच्या त्याच प्रोग्राममधून काढाव्यात. फ्लॅटपॅक या सॉफ्टवेअर बसवायच्या सोयीतून पहिला गेम घेताना त्याच्यासोबत लागणाऱ्या फाइलीही उतरतात, त्या शेकडो एमबी भरतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालत असेल तर डेटा पाहूनच सुरुवात करा.

सुट्टीनंतर उघडलेल्या मशीनमध्ये कधीकधी एक चकवा देणारा दोष असतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा बटणासारखा सेल संपलेला असतो आणि तारीख मागं पडते. मग अपडेटर म्हणतो, सॉफ्टवेअरची यादी ‘नॉट व्हॅलिड येट’. त्याच्या दृष्टीनं त्या यादीची तारीख अजून उगवलेलीच नसते. इंटरनेटचा काहीएक दोष नसतो. तारीख-वेळ दुरुस्त करा, सेल बदला, काम होतं.

स्टीमवरचा गेम अपडेटनंतर उघडेना, तर तो काढून पुन्हा सगळा उतरवू नका. गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइली तपासायची सोय आहे. ती बिघडलेला भागच परत आणते, डेटा वाचतो. विंडोजच्या जुन्या पार्टिशनवर ठेवलेला गेम प्रोटॉनमध्ये अनेकदा रुसतो. तो लिनक्सच्या पार्टिशनवर ठेवा. ग्राफिक्स फार जुनं असेल तर प्रोटॉनला लागणारी व्हल्कन ही ग्राफिक्सची सोय पूर्ण मिळत नाही, आणि तिथं कमांड कामाला येत नाही. व्हॅलोरंटसारख्या गेमची फसवणूक रोखणारी यंत्रणा लिनक्सवर चालत नाही, म्हणून तो गेमही चालत नाही. हे लेकरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं, म्हणजे ती रात्र-रात्र वाया घालवत नाहीत.

मराठी शाळेतलं लेकरू इंग्रजी ओळ दिसली की बिचकतं. आईबापांनी त्याच्याजवळ बसावं, ती ओळ वहीत उतरवून घ्यायला लावावी, आणि विचारायला आलं तर ‘गेम चालत नाही’ एवढंच न सांगता ती ओळ दाखवायला सांगावं. गेमच्या ओढीनं का होईना, लेकरू मशीन काय म्हणतंय ते वाचायला शिकतं. हीच सवय पुढं परीक्षेचा फॉर्म भरताना, पीकविम्याचा अर्ज अडल्यावर आणि नोकरीतही त्याच्या कामी येते. म्हणून मला लेकरांचे अडलेले गेम सोडवण्याइतकं मोलाचं काम दुसरं वाटत नाही.