रिकाम्या उत्तराचा अर्थ : आयआरसी स्क्रिप्टिंगमधील नामशोधाचा मागोवा

संगणकाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधून देणारी डोमेन नेम सिस्टिम, म्हणजेच डीएनएस, पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. इंटरनेट रिले चॅट, म्हणजे आयआरसी, ही मजकुरातून गप्पा मारण्याची व्यवस्था यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये फिनलंडमधील औलू विद्यापीठात सुरू केली. या दोन व्यवस्थांचा संबंध लवकरच घट्ट झाला, कारण आयआरसीवर माणसाची ओळख टोपणनावाइतकीच तो ज्या यंत्रावरून आला त्या यंत्राच्या नावावरही ठरत असे. नवी जोडणी येताच सर्व्हर तिच्या आयपी पत्त्यावरून नावाचा उलट शोध घेई, सापडलेले नाव पुन्हा त्याच पत्त्याकडे नेते का हे ताडून पाही आणि ताळा जुळला तरच ते नाव इतरांना दाखवी. चॅनेलवरील बंदीही बहुधा याच नावाच्या नमुन्यावर घातली जाई. त्यामुळे सर्व्हर जो शोध घेतो तोच आपल्या क्लायंटमधून घेता यावा, अशी गरज वापरणाऱ्यांना भासू लागली.

या गरजेच्या आड पहिली अडचण आली ती वेळेची. युनिक्सवरील 'गेटहोस्टबायनेम' हे प्रचलित फंक्शन उत्तर येईपर्यंत संपूर्ण प्रोग्राम थांबवून ठेवी, आणि चॅट क्लायंटच्या बाबतीत याचा परिणाम असा होई, की तेवढा वेळ नवे संदेश वाचले जात नसत आणि सर्व्हरच्या 'पिंग'लाही प्रतिसाद जात नसे. विंडोजसाठी १९९३ मध्ये निश्चित झालेल्या विनसॉक १.१ या मानकाने प्रश्न विचारून पुढच्या कामाला लागण्याची आणि उत्तर आले की सूचना मिळवण्याची सोय दिली होती. खालेद मर्दम-बे यांनी १९९५ मध्ये विंडोजसाठी प्रसिद्ध केलेल्या एमआयआरसी या क्लायंटच्या स्क्रिप्ट भाषेतही हीच रीत दिसते : 'डीएनएस' ही आज्ञा शोध सुरू करते आणि शोध संपल्यावर 'ऑन डीएनएस' ही घटना घडून तिच्यासाठी लिहून ठेवलेला मजकूर चालतो.

या घटनेत स्क्रिप्टच्या हाती तीन मुख्य मूल्ये येतात : यंत्राचे नाव, त्याचा आयपी पत्ता आणि शोधातून निष्पन्न झालेला पत्ता. विचारणा टोपणनावाने केली असेल तर क्लायंट आधी 'यूजरहोस्ट' ही आज्ञा पाठवून त्या व्यक्तीचे यंत्र सर्व्हरकडून जाणून घेतो आणि मग खरा शोध सुरू करतो, म्हणजे एका आज्ञेमागे दोन वेगळ्या यंत्रणांची उत्तरे वाट पाहायला लावतात. शिवाय मोठ्या नेटवर्कांनी भार वाटण्यासाठी एकाच नावामागे अनेक पत्ते ठेवलेले असत. तेव्हा एकच मूल्य अपुरे पडते आणि निकालांची संख्या विचारून त्यांतून क्रमाने फिरावे लागते. पहिला पत्ता घेऊन थांबणारी स्क्रिप्ट अशा वेळी चुकत नसे, पण अर्धेच सांगत असे.

याहून अवघड प्रश्न संदर्भाचा होता. 'ऑन डीएनएस' ही घटना कोणत्याही शोधाच्या अखेरीस घडते आणि ती ऐकणारी प्रत्येक स्क्रिप्ट फाइल जागी होते. पण प्रश्न कोणी व कशासाठी विचारला होता हे उत्तरासोबत येत नाही. म्हणून लेखक विचारलेला पत्ता आणि त्यामागचा हेतू चलात किंवा हॅश टेबलात नोंदवून ठेवत आणि उत्तर आल्यावर ती नोंद शोधत. रोबी पॉइंटर यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या एगड्रॉप या बॉटच्या टीसीएल भाषेत यावर अधिक नेटका उपाय पुढे आला : 'डीएनएसलुकअप' या आज्ञेलाच उत्तर कोणत्या प्रोसिजरकडे जावे हे सांगायचे आणि सोबत हवी ती जादा माहिती द्यायची, म्हणजे पत्ता, नाव आणि यशाचा १ किंवा अपयशाचा ० यांच्याबरोबर ती माहिती जशीच्या तशी परत येते.

निकालाचे काम पूर्णपणे पालटले ते काळ्या याद्यांमुळे. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ मध्ये ईमेलमधील स्पॅम रोखण्यासाठी उभी केलेली यादी लवकरच डीएनएसमधून विचारता येऊ लागली, आणि ही पद्धत पुढे आयआरसीवरही रुळली : संशयित आयपी पत्त्याचे चार आकडे उलट क्रमाने यादीच्या डोमेनपुढे लावून शोध घ्यायचा, १२७.०.०.२ यांसारखे उत्तर आले तर पत्ता यादीत आहे, नाव अस्तित्वात नसल्याचे उत्तर आले तर नाही. आता उत्तर केवळ पडद्यावर दाखवायचे नव्हते, त्यावर कोणाला बाहेर काढायचे हे ठरत होते. इथेच भाषेची मर्यादा उघडी पडली. १९८७ च्या डीएनएस मानकात नाव नसणे आणि नामसर्व्हर उत्तर देण्यात अयशस्वी ठरणे यांसाठी ३ आणि २ असे वेगळे संकेतांक आहेत. स्क्रिप्टपर्यंत मात्र दोन्ही एमआयआरसीत रिकामे मूल्य आणि एगड्रॉपमध्ये ० याच रूपात पोहोचत. परिणामी यादीचा सर्व्हर बंद पडला, की प्रत्येक येणारा निर्दोष ठरे.

पुढे अनेक नेटवर्कांनी खरे यंत्रनाव झाकून त्याजागी कृत्रिम नाव दाखवायला सुरुवात केली, तेव्हा रिकाम्या उत्तराला तिसरा अर्थ मिळाला : शोधायला नाव दिसते, पण त्यामागे पत्ताच नाही. याद्या तपासण्याचे कामही मोठ्या प्रमाणात सर्व्हरचालकांच्या बॉटकडे गेले, कारण झाकण्याआधीचा पत्ता त्यांनाच दिसतो. एमआयआरसीच्या २०१० मधील सातव्या मालिकेत आयपीव्ही६ चा आधार आल्यावर चार आकड्यांचा पत्ता गृहीत धरणाऱ्या जुन्या स्क्रिप्टही सुधाराव्या लागल्या.

या वाटचालीत उशिरा येणारे उत्तर हाताळण्याचा प्रश्न घटनांनी, अनेक उत्तरांचा क्रमांकांनी आणि हरवलेल्या संदर्भाचा सोबत पाठवलेल्या माहितीने सुटला. अपयशाचे प्रकार मात्र मधल्या थरात गाळले गेले आणि ते भरून काढणे प्रत्येक लेखकाच्या सावधगिरीवर राहिले. ज्यांनी नेहमी ठरावीक उत्तर देणारी चाचणी-नोंद आधी विचारून यादी जिवंत असल्याची खात्री केली आणि मगच रिकाम्या उत्तराला नकार मानले, त्यांच्याच स्क्रिप्टचा निवाडा भरवशाचा ठरला.