पिकअपचा पुढचा भाग उचलताना

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा सौंसर तालुका २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला, तरी तेथील शेतकऱ्याचे लक्ष पूर्वीप्रमाणेच संत्र्याच्या बहारावर असते. बागेतला माल पांधणीने, म्हणजे दोन धुऱ्यांमधून जाणाऱ्या कच्च्या वाटेने बाहेर पडतो. काळ्या मातीत ट्रॅक्टरच्या चाकांनी पावसाळ्यात पाडलेल्या चाकोऱ्या वाळून टणक झाल्या, की त्यांच्यामधला उंचवटा पिकअपच्या पोटाला घासू लागतो आणि चारही चाकांना इंजिनाची शक्ती देणारी ‘फोर बाय फोर’ गाडीसुद्धा अडकून पडते. पुढचा भाग उचलून घेण्याची मागणी या अडचणीतून येते. ती रास्त आहे, परंतु उंची कोठून मिळते आणि तिच्या बदल्यात काय द्यावे लागते, हे समजून घेतल्याशिवाय ती पुरी करू नये.

जुन्या जीपमध्ये पुढची दोन्ही चाके एका अखंड आसाला जोडलेली असत व तो आस पाट्यांवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी कमानींवर टेकलेला असे. अशा रचनेत पाटे बदलून चासी उचलता येते, पण चाकांना गती वाटून देणारा डिफरन्शियलचा गोळा आसावरच असल्याने जमिनीपासून त्याचे अंतर तेवढेच राहते आणि ते वाढवण्यास मोठे टायरच लागतात. २००७ मध्ये भारतात आलेली महिंद्राची स्कॉर्पिओ गेटअवे किंवा त्यानंतरची टाटा झेनॉन यांची रचना वेगळी आहे. त्यांचे प्रत्येक पुढचे चाक वरच्या व खालच्या आर्मवर स्वतंत्रपणे हलते आणि डिफरन्शियल चासीला बांधलेले असल्याने चासीबरोबर तेही वर जाते.

या दोन्ही गाड्यांत पुढे स्प्रिंगचे काम टॉर्शन बार करतो. फर्डिनांड पोर्शे यांच्या कार्यालयाने १९३१ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती म्हणजे या गाड्यांत चासीच्या लांबीने बसवलेला एक पोलादी दांडा असून त्याचे पुढचे टोक आर्मला जोडलेले आणि मागचे टोक चासीतील आडव्या तुळईपाशी एका बोल्टने अडवलेले असते. चाक वर गेले की हा दांडा धुण्याच्या पिळ्यासारखा पिळला जातो आणि उलट जोराने चाकाला खाली ढकलतो. मागचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक वर येते, म्हणून बार ‘कडक’ झाला असे मानले जाते, पण ही समजूत चुकीची आहे. दांड्याचा कडकपणा त्याची जाडी, लांबी व पोलाद यांवर ठरतो. भार तोच असल्याने दांड्यातील पीळही जवळजवळ तेवढाच राहतो, बदलते ते केवळ आर्म ज्या कोनात स्थिरावतो ते स्थान. तरीही आवळलेली गाडी हादरे देते, कारण आर्म आधीच खाली झुकल्याने चाकाला खड्ड्यात उतरायला वाव उरत नाही आणि वरचा आर्म आपल्या रबरी थांब्यावर आदळू लागतो. म्हणजेच वाढलेली उंची ही चाकाच्या खाली उतरण्याच्या प्रवासातून काढून घेतलेली असते.

इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स यांच्या पुढच्या भागात गुंडाळी स्प्रिंग असते आणि तिच्या माथ्यावर स्पेसर, म्हणजे धातूची जाड चकती, बसवून उंची मिळवतात. स्प्रिंग आर्मच्या मध्याजवळ टेकत असल्याने चाकापाशी मिळणारी उंची चकतीच्या जाडीहून बरीच अधिक भरते, हे ध्यानात न घेता जाड चकती बसवली की चाकाकडे जाणारा ड्राइव्ह शाफ्ट तिरपा होऊन त्याचे सांधे व रबरी आवरणे लवकर झिजतात. शिवाय दोन्ही प्रकारांत चाकांचा उभा कल बदलतो आणि स्टिअरिंग सरळ ठेवणारा मागचा कल कमी होतो, म्हणून उंची बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करणे अटळ आहे.

मात्र माल वाहणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट याहून साधी आहे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग कारखान्यातूनच उंच ठेवलेला असतो, जेणेकरून भार पडल्यावर गाडी समतल यावी. रिकामी असताना दिसणारा उतार नाहीसा करण्यासाठी नाक वर आणले, तर संत्र्यांनी भरलेली गाडी मागे बसते, पुढच्या चाकांवरचा भार घटतो आणि दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. सौंसरहून समुद्रसपाटीपासून सुमारे ६७५ मीटर उंचीवरील छिंदवाड्याकडे रात्री घाट चढताना हा दोष जिवावर बेतू शकतो.

कायद्याची मर्यादाही स्पष्ट आहे. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. वर्षानुवर्षांच्या भाराने खाली बसलेला टॉर्शन बार उत्पादकाने नेमून दिलेल्या उंचीवर परत आणणे हे मात्र देखभालीचेच काम आहे आणि पांधणीच्या बहुतेक अडचणींना ते पुरते. हे काम करवून घेणाऱ्याने चासी जॅकवर उचलून चाके लोंबकळू दिल्यावरच बोल्ट फिरवू द्यावा, गाडी खाली उतरवून दोन्ही बाजूंची उंची चाकाच्या मध्यापासून मोजावी, थोडे चालवून पुन्हा मोजावी आणि दिव्यांचा झोत गाडीत नेहमीचा माल भरूनच लावून घ्यावा.